ऑइल बदललंय

"सर्व्हिसिंगला अख्खा शनिवार लागतो?" बायकोने विचारलं.

"ऑइल बदललं, फिल्टर बदलला. गर्दी होती," नवरा म्हणाला आणि शीळ घालत आंघोळीला गेला.

ती शीळच बायकोच्या डोक्यात गेली. गॅरेजमधून येणारा माणूस वैतागलेला असतो. तो शीळ कशाला घालेल?

नवरा औषधांच्या कंपनीत फिरता विक्रेता होता. आठवडाभर डिझेल जाळत गावोगाव हिंडायचं आणि अधूनमधून शनिवारी गाडी गॅरेजात न्यायची, हा त्याचा शिरस्ता. गॅरेज नेमकं त्याच्या ऑफिसातल्या हिशेबनीस बाईच्या घरामागे होतं, आणि बाई एकटी राहायची. ऑफिसच्या एका समारंभात नवऱ्याच्या फालतू विनोदावर ही बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होती. तोच विनोद बायको लग्नापासून ऐकत होती. तिला एकदाही हसू आलं नव्हतं.

त्या दिवसापासून मत्सराने तिला पोखरायला घेतलं. घरीच शिवणकाम करणारी बाई ती, हात सफाईदार. पण आता डाव्या बाहीच्या जागी उजवी लागायला लागली.

खरं विचारायचं कुणाला? गॅरेजवाला नवऱ्याचा दोस्त, म्हणजे चोर चोर मावसभाऊ. आणि गाडीतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. मग तिने ठरवलं, आपणच शिकायचं.

एका मेकॅनिक बाईने रविवारी सकाळी खास बायकांसाठी वर्ग काढला होता. "बटणं आणि अस्तर आणायला जाते," असं घरी सांगून ती जाऊ लागली. नवऱ्याच्या थापा पकडायच्या तर आपण एखादी मारली म्हणून काय बिघडलं?

मेकॅनिक बाईंची स्वतःची जुनी, छोटी पेट्रोलची गाडी होती. तिच्यावरच सगळ्या शिकायच्या. चाकात हवा किती, पाणी कुठे घालायचं, जॅक कुठे लावायचा. पहिल्यांदा नट सैल झाला तेव्हा तिला हसूच फुटलं.

एकदा बाईंनी इंजिनातून ऑइल मोजायची लांब पट्टी ओढून दाखवली. "पुसायची, परत बुडवायची, मग बघायचं. हे बघा, कालच बदललंय. कसं मधासारखं दिसतंय! काळं झालं की समजायचं, बदलायला आलं."

तिने ते वाक्य मनात घट्ट शिवून ठेवलं.

पुढच्या सर्व्हिसिंगच्या शनिवारी नवरा शीळ घालतच आला.

"काय काय केलं?"

"नेहमीचंच. ऑइल, फिल्टर."

तो आंघोळीला गेला. तिने किल्ली घेतली, बॉनेट उघडलं, पट्टी ओढली. शिवणातल्या पांढऱ्या चिंधीने पुसली, परत बुडवली, वर काढली.

काळंकुट्ट.

नवरा डोकं पुसत बाहेर आला तेव्हा ती चिंधी त्याच्या तोंडासमोर होती.

"हे नवं ऑइल?"

"अगं, बदललंय. माझ्यासमोर डबा फोडला त्याने."

"मग हे काळं कसं?"

त्याने चिंधी हातात घेतली, उलटसुलट केली, वास घेतला. गाडीत डिझेल भरण्यापलीकडे त्याला काही येत नव्हतं. "मलाही कळत नाही," तो म्हणाला.

"कसं कळेल? गॅरेजात असता तर कळलं असतं. पुढच्या घरात होता ना, हिशेब करत?"

"त्या बाईचा यात काय संबंध? तिचा उंबरासुद्धा मी पाहिलेला नाही."

"मी शिवणारी बाई आहे. जुना टाका कुठला नि नवा कुठला, मला बोटाने कळतं. मला शिकवू नका."

"तुझा माझ्यापेक्षा या चिंधीवर जास्त विश्वास आहे?"

"हो. चिंधी खोटं बोलत नाही."

तो चिंधी तिच्या हातात ठेवून आत गेला. मग बॅग भरून भावाकडे गेला.

ती तेवढ्यावर थांबली नाही. सोमवारी ऑफिसात गेली आणि सगळ्यांदेखत हिशेबनीस बाईला नाही नाही ते बोलली. बाई वह्या मिटून तशीच घरी गेली. तिने नोकरी सोडली, मग गावही सोडलं. नवऱ्याने भावाला दोनदा समजूत घालायला पाठवलं. "हातच्या काकणाला आरसा कशाला?" असं म्हणून तिने दिराला दारातूनच परत पाठवलं. वर्ष संपायच्या आत काडीमोड झाला.

एकटं घर खायला उठायचं. पण आपण फसलो नाही, वेळेवर पकडलं, या एका गोष्टीवर ती ताठ होती. वर्ग तिने सोडला नाही. उलट मेकॅनिक बाई तिला आता हाताशी घ्यायला लागल्या होत्या.

एका रविवारी शाळेची व्हॅन सर्व्हिसिंगला आली.

"आज तू एकटीने कर," बाई म्हणाल्या. "मी फक्त बघते."

ती व्हॅनखाली शिरली. नट सोडला, जुनं ऑइल तळापर्यंत गळू दिलं. नवा फिल्टर बसवला, नट घट्ट केला. स्वतःच्या हाताने नवा डबा फोडला. सोनेरी, स्वच्छ धार नरसाळ्यातून आत उतरली. इंजिन थोडा वेळ चालवून तिने बंद केलं, ऑइल खाली बसू दिलं आणि झोकात पट्टी ओढली.

तिने ती पुसली. परत बुडवली, परत काढली. मग चिंधीची दुसरी बाजू घेऊन आणखी एकदा पुसली.

मेकॅनिक बाई मागे उभ्या राहून हसत होत्या. "अगं, पुसून काय होणार? डिझेलची गाडी आहे ही. नवं ऑइल घातलं तरी इंजिन एकदा फिरलं की असंच काळं होतं. आत्ताच बदललंय म्हणून कुणी शपथ घेऊन सांगितलं, तर पटेल तरी का?"