हेमलता या शब्दाचा अर्थ

केळुसकर सर आंघोळीला गेले, तेव्हा हेमलताबाईंनी त्यांचं ई-रीडर चार्जिंगला लावायला उचललं. सरांना विस्मरणाचा आजार जडल्यावर डॉक्टरांनीच ते दिलं होतं. त्याचा कॅमेरा कुठल्याही वस्तूसमोर किंवा माणसासमोर धरला की पडद्यावर नाव आणि सरांनी पूर्वी स्वतःसाठी लिहून ठेवलेलं टिपण उमटे.

पडद्यावर आज पाहिलेल्या शब्दांची यादी उघडीच होती. नळ, एकदा. कारलं, दोनदा. हेमलता, सतरा वेळा.

बाईंनी आकडा पुन्हा वाचला. एवढ्या आजारात सर त्यांचं नाव कधी चुकले नव्हते. त्या आधारावरच त्या दिवस काढत होत्या.

त्यांनी नावावर बोट ठेवलं. दोन वर्षांपूर्वीचं टिपण उघडलं.

"ही माझी बायको. तू कोण, असं तिला विचारू नकोस. घाबरेल."

न्हाणीघराची कडी वाजली. बाईंनी घाईघाईने ई-रीडर टेबलावर ठेवलं. सर बाहेर आले, त्यांनी ते उचलून नेहमीसारखं बाईंच्या दिशेने छातीशी धरलं, क्षणभर वाचलं आणि ओळखीचं हसले.

"हेमलता, माझा चष्मा कुठाय गं?"

"आणते हं," बाई म्हणाल्या. त्यांनीही काही विचारलं नाही.