पेनाचं टोपण

“मोर्चावर गोळीबाराचा हुकूम कोणी दिला होता?” पत्रकाराने विचारलं.

माजी राष्ट्राध्यक्षांनी चहाचा कप खाली ठेवला. गेल्या मंगळवारी हाच प्रश्न होता, त्याच्या आधीच्या मंगळवारीही हाच.

“पोलीसप्रमुखाने. अहो, सगळ्या जगाला ठाऊक आहे. अजून तुरुंगात आहे बिचारा.”

“असं होय?” म्हणत पत्रकार खिडकीबाहेर बघत बसला.

पत्रकाराची बायको साहेबांना पोचवायला दारापर्यंत आली. “मनावर घेऊ नका, भाऊजी. नाश्ता केला की नाही, तेही आठवत नाही यांना.”

साहेबांना गलबलून आलं. काय माणूस होता! सगळ्या वर्तमानपत्रांत विश्वास टाकावा असा हा एकटाच. ‘हे लिहू नका’ म्हटलं की मुकाट्याने पेनाला टोपण लावायचा, आणि ती गोष्ट बायकोलासुद्धा कळायची नाही. चिवट मात्र असा, की एकच प्रश्न विचारून विचारून मंत्र्यांना घाम फोडायचा. आता तो एक प्रश्नच काय तो उरला होता.

पुढच्या मंगळवारी येताना साहेबांना रस्त्यात पोलीसप्रमुखाची मुलगी भेटली. तिने वाकून नमस्कार केला. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

“मोर्चावर गोळीबाराचा हुकूम कोणी दिला होता?”

वहिनी स्वयंपाकघरात होत्या. टेबलावर पेन उघडंच पडलं होतं. टोपण लावायचंही याला सुचत नाही आता, साहेबांच्या मनात आलं. याला सांगितलं काय आणि भिंतीला सांगितलं काय.

“मी,” ते म्हणाले. “फोनवर. तो नको नको म्हणत होता. मीच दरडावलं. आणि अंगाशी आल्यावर त्यालाच पुढे केलं.”

बोलता बोलता त्यांना रडू फुटलं. पत्रकाराने त्यांच्या हातावर हात ठेवला.

“असं होय?” तो हळूच म्हणाला.

कितीतरी वर्षांनी साहेबांना हलकं वाटलं. त्यानंतरच्या मंगळवारी ते वेळेआधीच हजर झाले. पत्रकार दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता.

“हं, विचारा तुमचा प्रश्न,” साहेब हसून म्हणाले.

“त्याचं उत्तर मिळालं. उद्याच्या अंकात येतंय,” पत्रकार म्हणाला. “तुम्ही ‘हे लिहू नका’ म्हणाल, म्हणून शेवटपर्यंत थांबलो होतो, साहेब. म्हणाला नाहीत.”