उसना विस्तव

साल चौऱ्याहत्तर. मंदीमुळे आमच्या काचेच्या कारखान्याला महिनोन्महिने काम नव्हतं. तरी भट्टी पेटती ठेवावी लागे, कारण थंड झाली की ती तडकते आणि कारखाना कायमचा बसतो. कोळसा संपत आला तेव्हा सरकारी विकास बँकेचे साहेब स्वतः आले. कोळशापुरतं कर्ज मंजूर होतं, सासऱ्यांची सही हवी होती. ते उसळले, “भीक नको. विझवा भट्टी.” साहेब म्हणाले, “काका, मंदी जाईल. तेव्हा पेटत्या भट्ट्या आम्ही कुठून आणायच्या?” सासऱ्यांनी कागद परत सरकवला. तेवढ्यात सासूबाई दारातून कडाडल्या, “अहो, चूल विझली की शेजारणीकडून विस्तव आणतोच ना आपण? ती काय भीक?” सासऱ्यांनी सही केली. कर्ज फिटलं, साहेब बदलून गेले, सासूबाईही गेल्या. सासरे वारले तेव्हा खांदा द्यायला निम्मेच कारागीर आले. उरलेले भट्टीला कोळसा घालत होते.