मंगळवार-शुक्रवारच्या मॅडम

मॅडमच्या दाराबाहेर बाकावर मिस्त्री बसला होता. मालक तिथून दुसऱ्यांदा गेले तरी तो उठला नाही, नुसती मान हलवली.

"काय रे, काही काम?" मालकांनी विचारलं.

"मॅडमशी बोलायचंय, भाऊ."

"मग मी काय मेलोय?"

मिस्त्री हसला, पण जागचा हलला नाही.

फर्निचरच्या या कारखान्यात सगळेच मालकांना भाऊ म्हणत. पहिलं टेबल भाऊ आणि मिस्त्री या दोघांनी मिळून केलं होतं. आता माणसं शंभराच्या वर गेली. कुणाचं काय दुखतंय ते एकट्याला कळेना, म्हणून भाऊंनीच या बाईंना माणसं सांभाळायला आणलं. एवढी मोठी बाई पूर्णवेळ परवडणारी नव्हती, म्हणून मंगळवार आणि शुक्रवार. बाकीचे दिवस ती आणखी दोन कारखान्यांत हेच करायची. विकतचं दुखणं, दुसरं काय! आता त्या दोन दिवशी भाऊंच्या खोलीकडे चिटपाखरूही फिरकत नसे, आणि तिच्या दाराशी बाक अपुरा पडे. सोमवारी कुणाच्या पोटात दुखलं तरी तो मंगळवारपर्यंत कळ काढतो, असं भाऊ घरी सांगायचे. बायको म्हणायची, "बरंच झालं की. तुमच्या मागची कटकट गेली."

कटकट म्हणे! तिला काय कळणार?

मिस्त्री आत गेला. दार नीट लागलं नाही. भाऊ नोटीस बोर्डावरची जुनीच नोटीस वाचत उभे राहिले. मालकाने आपल्याच कारखान्यात चोरून ऐकायचं म्हणजे हद्द झाली, पण पाय हलेनात.

"भाऊ, रागावू नका," आतून मिस्त्रीचा आवाज आला.

भाऊ दचकले. मग त्यांच्या लक्षात आलं. ही तिची पद्धत. मालकाशी अवघड बोलायचं असेल त्याने आधी तिच्याशी बोलून बघायचं. तेवढ्यापुरती ती मालक व्हायची. पहिल्या आठवड्यात तिने हे सांगितलं, तेव्हा भाऊंनीच टेबलावर थाप मारून वाहवा केली होती.

"तुझं हे नेहमीचंच, मिस्त्री. बोल एकदाचं," ती म्हणाली. आवाजसुद्धा भाऊंसारखाच चढवून.

"हात थरथरतो माझा, भाऊ. सहा महिने झाले. करवतीपाशी उभं राहायची भीती वाटते."

रोज दुपारी भाऊ आणि मिस्त्री समोरासमोर बसून जेवत. भाऊंना काही दिसलं नव्हतं. वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण त्याच्याआधी आला तो राग. त्याने तिला भाऊ म्हणून सांगितलं. आपल्या नावाने, आपल्याआधी.

पुढचं न ऐकताच ते खोलीत येऊन बसले. हातात पेन घेतलं आणि नुसतं फिरवत राहिले.

थोड्या वेळाने मिस्त्री आला. उजवा हात खिशात होता.

"भाऊ, रागावू नका..."

"तिला सांगून झालं ना सगळं?" भाऊ म्हणाले. "मग आता माझ्याकडे कशाला? मी कोण?"

मिस्त्रीच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला.

"मॅडम म्हणाल्याच होत्या," तो म्हणाला. "भाऊ आधी हेच म्हणतील."

"अस्सं! आणि पुढे काय म्हणतील?"

"ते नाही सांगितलं."

मिस्त्रीने खिशातून हात काढला आणि टेबलावर ठेवला. बोटं लाकडावर टकटक वाजू लागली. भाऊंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"हा तिला दाखवलास?"

"नाही, भाऊ. त्यांना नुसतं सांगितलं."

"मग बस इथे," भाऊ म्हणाले.