खो आल्याबिगर

“आग लागलीय, बाहेर पळा,” असं खालून कुणीतरी ओरडलं, आणि कळंबच्या खो-खो संघातली एकही पोरगी अंथरुणावरून हलली नाही.

हलल्या नाहीत, पण हसू आवरेना. तुळजापूरच्या त्या लॉजच्या मोठ्या खोलीत गाद्या एका ओळीत घातल्या होत्या. मैदानावर बसतात तशाच पोरी त्यांवर निजल्या होत्या, एकीचं तोंड खिडकीकडं, तर दुसरीचं भिंतीकडं. जेवणं उरकून दिवा मालवला, त्याला फार वेळ झाला नव्हता. चादरीखाली एकेकीचं पोट हिंदकळत होतं.

“मॅडमच हायेत,” श्रिया कुजबुजली. “ह्या खेपेला दुसऱ्याला वरडाय लावलंय.”

“कुणी उठायचं न्हाय,” निकिता म्हणाली. ती कॅप्टन. “अर्पे, तू तर श्वासबी घिऊ नको.”

अर्पितानं दोन्ही हातांनी गादी घट्ट धरली.

हा सगळा घोर तिच्यापायीच होता. अर्पिता पळायची वाऱ्यासारखी, पण तिला बसणं जमायचं नाही. मागून पाठीवर थाप पडावी, कानात ‘खो’ पडावा आणि मग उठावं, एवढी साधी रीत. हिचं बूड मात्र थापेच्या आधीच अधांतरी. पंचाची शिट्टी, फाउल, आणि हाताशी आलेला गडी लांब. शेवटी प्रेमला मॅडमनी फर्मान काढलं, की फायनल होईस्तोवर खो मिळाल्याबिगर कुणी उठायचं म्हणून नाही. ताटावरून नाही, एसटीच्या सीटवरून नाही, अंथरुणावरूनसुद्धा नाही. सकाळी मॅडम पहिलीला खो देणार, पहिली दुसरीला. त्यात मॅडम मधूनच डाव टाकायच्या. परवा शाळेत पोरी डबा खात होत्या, तर मॅडम मागून “साप, साप” करून ओरडल्या. सगळ्या घास धरून बसून राहिल्या. एकटी अर्पिता बाकावर चढली.

“अजून एकदा अशी उठलीस,” मॅडम म्हणाल्या होत्या, “तर फायनल बाहेर बसून बघायची.”

फायनल उद्या होती, परंड्याशी. अर्पिताच्या घरचे टेम्पो करून बघायला येणार होते. आजीनं तर काल आख्ख्या गल्लीला आवतण दिलं होतं.

खाली पुन्हा ओरडा झाला. संध्याकाळपासून लॉजच्या परसात सोलापूरच्या एका कुटुंबाचा देवीचा गोंधळ चालला होता. त्यांचा संबळ वाजता वाजता मधेच थांबला.

“बघ की, संबळवाल्यालाबी सांगून ठिवलंय,” श्रिया म्हणाली, आणि ओळ पुन्हा फिदीफिदी हसली.

अर्पिताची गादी दाराशी होती. तिच्या नाकाला काहीतरी झोंबलं. दाराखालच्या फटीतून धूर आत येत होता, दुधावर टपलेल्या मांजरासारखा, पाय न वाजवता. मॅडमनी उदबत्ती धरली असंल, असं तिनं मनाला सांगून बघितलं. पुन्हा हुंगलं. उदबत्ती नव्हे, कापूस जळत होता.

तिच्या डोळ्यांपुढं टेम्पोतून उतरणारी आजी आली. मैदानावर नातीला शोधणारी. आणि नात बाहेर, पाण्याच्या बाटल्या राखत.

अर्पिता उठली.

कुणी थाप दिली नव्हती, कुणी काही म्हटलं नव्हतं. ती उठली आणि निकिताच्या पाठीत तिनं अशी काही थाप हाणली, की खोली घुमली. “खो.”

निकिताला विचार करायला सवडच मिळाली नाही. खो पडला की अंग आपोआप उठतं, मन मागून येतं. निकितानं श्रियाला दिला, श्रियानं पुढचीला. खो-खो-खो करत ओळ उसवत गेली आणि पोरी धडाधड जिना उतरल्या. कुणी चादरीत, कुणी अर्ध्या वेणीत, एक तर उलट्या गाऊनमध्ये.

लॉजच्या दारातच प्रेमला मॅडम वर यायला निघाल्या होत्या. आख्खा संघ त्यांच्या अंगावर कोसळत रस्त्यावर आला. मॅडमनी एकेकीचं डोकं चाचपलं, नावं घेतली, पुन्हा चाचपलं. मागच्या पडवीत गाद्यांचा ढीग होता, त्यावर गोंधळातल्या दिवटीची ठिणगी पडली होती. जाळ थोडा, धूर फार. माणसांनी बादल्या ओतून तो विझवलासुद्धा. गोंधळ्यानं रस्त्यातच संबळ पुन्हा गळ्यात घातला, आणि पोरींचे पाय जागच्या जागी नाचायला लागले.

मॅडमचा श्वास जागेवर आला. आवाजही आला.

“पहिली कोण उठली?”

“आमी समद्या एकदमच, मॅडम,” निकिता घाईनं म्हणाली.

“मी,” अर्पिता म्हणाली. “खो न्हवता. तरी उठले.” आणि ती खाली बघायला लागली.

लॉजचे मॅनेजर शिवप्पा रिकामी बादली घेऊन शेजारीच उभे होते. “तिला कशाला दरडावताय, बाई?” ते म्हणाले. “माझ्या तोंडून ‘आग’ पुरतं निघालं न्हवतं, तवर तुमी उशी घिऊन रस्त्यावर.”

सगळ्यांनी बघितलं. उशी अजून मॅडमच्या काखेत होती.



“मॅडम,” श्रियानं अगदी गरीब आवाजात विचारलं, “तुमाला खो कुणी दिला?”

आधी निकिता फुटली, मग सगळी ओळ, मग गोंधळी, मग शिवप्पा. मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी उशी रस्त्यावर टाकली, तिच्यावर बसल्या, पाय दुमडले, हात जमिनीला टेकवले आणि अर्पिताकडं पाठ केली.

“उद्या नऊ जणींत तू हायेस,” त्या म्हणाल्या. “आता दे. तुझा खो आल्याबिगर मी उठायची न्हाय.”