सखाराम तुपे यांचे लॉगिन

सकाळी सव्वानऊला सखाराम तुपे स्टोअर, डिस्पॅच आणि क्वालिटी अशा तीन विभागांत एकाच वेळी काम करत होते. संगणकावर तशी नोंद होती. माणूस कष्टाळू. वारून सव्वादोन वर्षे झाली, पण एक सुट्टी नाही.

वाळूजच्या या कारखान्यात पहिला संगणक आला तो सखारामभाऊंच्या टेबलावर. सगळे अधिकार त्यांच्याच लॉगिनला दिले गेले. पुढे प्रत्येकाने तेच लॉगिन वापरले. पासवर्ड सर्वांना पाठ होता, कॅन्टीनवाल्यालाही.

सुयश वैद्य संगणक सुरक्षेचा इंजिनिअर. महिनाभरात तो नोकरीत कायम होणार होता. कर्मचारी गेला की त्याच दिवशी त्याचे खाते बंद, हा नियम कंपनीने छापून भिंतीवर लावला होता. सुयशने तो वाचला. इथवर ठीक होते. त्याने तो पाळला.

दहा मिनिटांत गेटपास निघेनासे झाले. माल भरलेल्या चार गाड्या फाटकाशी अडकल्या. डिस्पॅचचे निजामुद्दीनभाई धापा टाकत आले.

"साहेब, सखारामभाऊ मेले तवाबी गाड्या निघत होत्या. तुम्ही मारलं अन् थांबल्या!"

"भाई, उद्या ऑडिट आहे. मेलेल्या माणसाचं खातं चालू दिसलं तर?"

"तर काय? त्यांना नोटीस धाडतेत व्हय?"

कारखान्याचे प्रमुख केशवराव यांनी खाते तत्काळ सुरू करायला लावले. मग सोडून गेलेल्यांच्या यादीतून सखारामचे नाव वगळून ती यादी सुयशपुढे सहीला ठेवली.

"सर, ही खोटी सही होईल."

"खोटी कशी? सही तुझीच ना?"

सुयशने सही केली नाही. केशवरावांनी स्वतः केली.

दुसऱ्या दिवशी ग्राहक कंपनीची ऑडिटर श्रेया आली. तिने यादी पाहिली, नियम वाचला, मान डोलावली.

"छान आहे. आता माणूस गेला त्याच दिवशी खातं बंद केल्याचं एक उदाहरण दाखवा. एक पुरे."

वीस वर्षांत असे एकही उदाहरण नव्हते. केशवरावांची नजर खोलीभर फिरली आणि सुयशवर येऊन थांबली.

"जेवण करून घ्या मॅडम," ते म्हणाले. "तोवर काढून ठेवतो."

जेवणानंतर श्रेयापुढे कागद आला. कर्मचारी: सुयश वैद्य. सेवा समाप्त: दुपारी १.४०. खाते बंद: दुपारी १.४४.

"चार मिनिटांत!" श्रेयाने 'उत्कृष्ट' असा शेरा मारला आणि शेवटच्या ओळीखाली सही केली.

खाते बंद करणारे: सखाराम तुपे.