निघण्याचा पत्ता

परंड्याच्या टेलिफोन ऑफिसात मी ट्रंक कॉल जोडायची, तेव्हा आधी विचारावं लागे, कुठून बोलता? आता माझी नात शिवांजली घरी बसून नेटवर्कच्या वाटा तपासते. तिलाही लॅपटॉपवर आधी निघण्याचा पत्ता निवडावा लागतो. मग संदेश पुढं जातो आणि वाटेतलं प्रत्येक ठिकाण त्या पत्त्यावर आपला जबाब पाठवतं.

त्या दुपारी तिनं आमच्या ईट गावच्या घराचा पत्ता निवडला. पहिला जबाब घरातूनच आला, तो तर यायचाच. पण दुसराही घरातूनच आला. मग तिसरा, आणि पुढचे सगळे.

"आजी, हे घराबाहेर पडंनाच की!" ती हसली. "थांब, पुण्याच्या ऑफिसचा पत्ता निवडते."

पण निवडायला दुसरा पत्ताच उरला नव्हता.

"येडं झालंय मशीन. तसंही उद्या पुण्याच्या ऑफिसात बोलावलंय, हजर न्हाय झाले तर नोकरी जाईल. मी बस गाठते."

बॅग घेऊन ती पुढच्या दारानं गेली. थोड्या वेळानं मागचं दार वाजलं. उघडलं तर बॅग घेऊन तीच उभी.

"आजी, मी सरळ स्टँडकडंच गेले गं."

"चल, मी येते सोडायला."

मी तिचा हात घट्ट धरला. दोघींनी मिळून उंबरा ओलांडला.

समोर आमचीच खोली होती. लॅपटॉपपुढं दोघी पाठमोऱ्या बसल्या होत्या, आणि त्यांतली म्हातारी हळूहळू मान वळवत होती.